अष्टकोनी राज्याचा नकाशा

पुण्याची मंडई म्हणजे भाजी घेण्याची जागा, असे गृहिणी म्हणेल. पण घरातल्या चिरंजीवांना विचारा! मधला अष्टकोनी मनोरा हा राजवाडा, भोवतालची दालने म्हणजे सुभे, बटाट्यांच्या राशी म्हणजे डोंगर आणि २०२४ साली खालून धावू लागलेली मेट्रो म्हणजे साक्षात पाताळ. काल्पनिक राज्याच्या नकाशाला आणखी काय हवे?

तो आधी कागदावर, पेन्सिल-शाईने काढावा. मग स्कॅन करून संगणकावर घ्यावा. रेघांचा एक थर, त्याखाली रंगाचा. वाकडी रेघ सरळ करू नये. हाताची ओळख तीच.

नावे मात्र निराळ्या थरावर लिहावीत. कारण, १८८६ साली ही इमारत उघडली ती गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने. तिच्या खर्चाला नगरपालिकेत विरोध केला होता जोतीराव फुल्यांनी. पैसा शिक्षणाला लावा, हे त्यांचे म्हणणे. आज मंडईला नाव आहे ते त्यांचेच!

तेव्हा जुन्या नावाचा थर झाकावा, पुसू नये. चिरंजीवांनी उद्या विचारले, "राजवाड्याचे नाव का हो बदलले?", तर ती गोष्ट सांगता आली पाहिजे.