प्रॉडिजी आणि जीनियस

धरणगावात इंग्रजी शिकवणाऱ्याला बालकवी टाळता येत नाहीत. 13 ऑगस्ट 1890 रोजी त्र्यंबक बापूजी ठोंबरे याच गावात जन्मले. म्हणून 'प्रॉडिजी' आणि 'जीनियस' या दोन शब्दांतला फरक सांगायची वेळ आली, की मी आधी त्यांच्याकडेच वळते.

फरक सांगावा लागतो, कारण आपल्याकडे दोन्ही शब्दांचे काम आता एकटा 'जीनियस' करू लागला आहे. पूर्वी खान्देशात 'पोऱ्या भलता हुशार शे' म्हटले की कौतुक पुरे व्हायचे. आता सत्तावीसचा पाढा न अडखळता म्हणणारी सहा वर्षांची मुलगी जीनियस, दहावीला पंच्याण्णव टक्के मिळवणारा मुलगा जीनियस आणि क्लासच्या पाटीवरही तोच शब्द. मुलांचे कौतुक व्हायलाच हवे. पण आपण नेमके कशाचे कौतुक करतो आहोत, हे आपल्याला तरी कळले पाहिजे.

'प्रॉडिजी'चे मूळ लॅटिन 'प्रोडिजियम'. आकाशातून दगड पडले, विचित्र वासरू जन्माला आले, की रोमन लोक त्याला हे नाव देत, दैवी इशारा मानत आणि सेनेट शांतिविधी करायला लावी. सृष्टीचा नेहमीचा क्रम मोडल्याचा तो अचंबा शब्दात अजून शिल्लक आहे. सहा वर्षांच्या मुलाने कसलेल्या वादकासारखे वाजवले तर तो प्रॉडिजी. तिशीत तसेच वाजवले तर तो नुसता चांगला वादक. ही स्तुती वयाला बांधलेली असते आणि वय सरले की संपते. मोझार्टची थोरली बहीण नॅनर्ल मला या संदर्भात फार अस्वस्थ करते. 1762 पासून दोन्ही भावंडे युरोपच्या दरबारांत एकत्र वाजवत होती आणि वाहवा दोघांचीही होत होती. ती अठरा वर्षांची झाली, लग्नाच्या वयाची मानली गेली आणि तिचे दौरे थांबले. भावाला पुढे लिहायला मिळाले. त्याचे आजचे नाव 1786 च्या 'फिगारो'सारख्या रचनांवर उभे आहे.

'जीनियस'ची गोष्ट निराळी. रोमन समजुतीप्रमाणे हा माणसाबरोबर जन्मणारा आणि जन्मभर सोबत करणारा रक्षक देव. वाढदिवसाला त्याला नैवेद्य दाखवत. इंग्रजीतही आधी जीनियस माणसापाशी 'असे'. माणूसच जीनियस 'असणे' हा प्रयोग नंतर रुळला. वर्गात मी हा क्रम आवर्जून सांगते, कारण जे आपल्यापाशी असते त्याची निगा राखावी लागते. जोसेफ ॲडिसनने 1711 साली 'स्पेक्टेटर'मध्ये जीनियसचे दोन प्रकार सांगितले: होमर-शेक्सपिअरसारखे उपजत शक्तीचे, आणि व्हर्जिल-मिल्टनसारखे अभ्यासाने घडलेले. दुसऱ्यांना त्याने कमी लेखले नाही. आपल्या संस्कृत काव्यशास्त्रातल्या मम्मटाने तर 'काव्यप्रकाशा'त शक्ती, निपुणता आणि अभ्यास हे तिन्ही सांगून 'हेतू' हा शब्द मुद्दाम एकवचनी ठेवला. तिन्ही मिळूनच काव्याचे कारण होतात, सुटे सुटे नाही.

आता ठोंबरे. 1907 साली जळगावात कविसंमेलन भरले. अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. हे सैन्यातले डॉक्टर आणि वनस्पतिशास्त्रज्ञ, 'इंडियन मेडिसिनल प्लांट्स' या ग्रंथाचे एक कर्ते. सोळा-सतरा वर्षांच्या ठोंबऱ्यांची कविता ऐकून त्यांनी 'बालकवी' ही पदवी दिली. त्या दिवशी ती अगदी योग्य होती. समोर मुलगा होता, कविता मुलाच्या वयाला न शोभण्याइतकी जाणती होती आणि सभेला वाटलेला अचंबा त्या पदवीत जसाच्या तसा उतरला. ही प्रॉडिजीची स्तुती. अडचण पुढे झाली. पदवी नावाला चिकटली आणि नाव वाचकाच्या डोळ्यांवर आले. 'फुलराणी', 'आनंदी आनंद गडे', 'श्रावणमास' यांच्यावर आपण शाळेपासून प्रेम केले आणि कवीला तिथेच, त्या हिरवळीवर ठेवून दिले.

'पारवा' वाचा. पडक्या धर्मशाळेच्या कौलांवर बसलेला तो पक्षी बालगीतातला नाही. 'खेड्यातील रात्र'मधला काळोख वाचताना आजही अंगावर येतो. 'औदुंबर' तर अवघ्या आठ ओळींची कविता. तिच्यातल्या पाण्याशी बसलेल्या झाडाचा अर्थ लावता लावता समीक्षकांच्या पिढ्या गेल्या. इथे कवीचे वय विचारायची गरजच पडत नाही. या कवितांसाठी शब्द हवा तो जीनियस. 5 मे 1918 रोजी भादली स्टेशनवर रेल्वेच्या अपघातात ते गेले तेव्हा अठ्ठावीसही पूर्ण नव्हते. तरीही ते 'बाल' नव्हते, हे मला धरणगावात राहून ठामपणे म्हणावेसे वाटते.

आणि 1907 चे ते संमेलन भरले तेव्हा जळगावातच आणखी एक कवयित्री होती. असोद्यात 24 ऑगस्ट 1880 रोजी जन्मलेल्या, चौधऱ्यांच्या घरी दिलेल्या बहिणाबाई. वय सत्ताविशीच्या आसपास, अक्षरओळख नाही, रचना तोंडी, शेतात आणि जात्यावर. त्यांना कोणी पदवी दिली नाही, कारण कोणी ऐकलेच नव्हते. 3 डिसेंबर 1951 रोजी त्या गेल्या. त्यानंतर मुलगा सोपानदेव यांनी कविता आचार्य अत्र्यांना दाखवल्या आणि 1952 साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघाले. प्रॉडिजी हा शब्द बहिणाबाईंच्या जवळपासही फिरकत नाही. त्यांच्या ओळींमागे शेताची, संसाराची, वैधव्याची वर्षे आहेत आणि मम्मटाची निपुणता शाळेबाहेरही मिळते हे त्यांच्याइतके स्पष्ट कोणी दाखवलेले नाही.

पालक मला विचारतात, मग आमच्या मुलीला काय म्हणायचे? पाढा म्हणणाऱ्या त्या सहा वर्षांच्या मुलीला तूर्त दोन्ही शब्द नकोत. 'सत्तावीस साते एकशे एकोणनव्वदला अडलीस, पुन्हा सुरुवात केलीस आणि पूर्ण म्हटलास' असे तिला सांगावे. निबंधाच्या वहीतही मी शेरा म्हणून जीनियस लिहीत नाही. कुठले वाक्य आवडले त्याखाली रेघ ओढते आणि का आवडले ते समासात लिहिते. पुढच्या निबंधात मुले ते वाक्य कसे बांधले होते ते आठवून पुन्हा तसे काहीतरी करून पाहतात.