चेरी आणि दुभत्याचं कपाट

चेरीचं झाड मी पाहिलेलं नाही. आमच्या नरसीत ते कुणाच्या परसातही नाही. केकच्या माथ्यावर जी लालभडक चेरी बसवतात, ती पुष्कळदा आपलं करवंदच असतं. बी काढून, पाकात मुरवून, रंगवून मोठ्या पदावर चढवलेलं. तरीही गेल्या दिवाळीत आमच्या घरात चेरी हा एकच विषय होता. कारण चिरंजीव आणि सूनबाई पुण्याहून आले ते नव्या स्वयंपाकघराचा नकाशा घेऊनच. भिंतीभर कपाटं, आणि सगळी म्हणे 'चेरी वूड'ची!

नकाशात सगळं होतं. आईचं दुभत्याचं कपाट तेवढं नव्हतं.

हे कपाट म्हणजे चार पायांवर उभा असलेला आमच्या घराण्याचा इतिहास. अंग सागवानी, दाराला जाळी, आत तीन फळ्या. वर लोणी-तूप, मध्ये दूध-दही, खाली भाकरीची टोपली. मुंग्या चढू नयेत म्हणून पायांखाली पाण्याच्या वाट्या. आजोबांनी ते करून घेतलं तेव्हा गावावर निजामाचं राज्य होतं. सप्टेंबर 1948 मध्ये ते संपलं. 1956 साली आम्ही मुंबई राज्यात गेलो, 1960 साली महाराष्ट्रात आलो आणि 1 मे 1999 रोजी परभणीतून निघून हिंगोली जिल्ह्यात पडलो. आम्ही जागचे हललो नाही, कपाटही हललं नाही. एवढी सरकारं बदलली, पण त्याची एक बिजागरी बदलावी लागली नाही.

खरं म्हणजे नरसीत दुभत्याच्या कपाटाला कडी असावी हेच जरा विपरीत. नामदेव महाराजांचा जन्म इथला, 1270 सालचा मानतात. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे 'देवा, कोरडी खाऊ नका' म्हणत महाराज तुपाची वाटी घेऊन धावले, ही गोष्ट इथल्या पोरांना बाराखडीच्या आधी येते. आमच्या आईची महाराजांवर अपार भक्ती. कुत्र्यामागे तीही धावायची. फक्त हातात लाटणं असायचं.

तर मिस्त्री आले. त्यांनी नकाशा उलटासुलटा पाहिला आणि विचारलं, "सर, हे चेरीचं लाकूड कुठून आणायलेत?" चिरंजीवांनी ऐटीत नमुन्याचा तुकडा पुढे केला. मिस्त्रींनी तो नखानं टकटकवला. "हा तर कागुद हाय की!"

मिस्त्रींचं खरं होतं. तो सनमायकाचा तुकडा. चेरीच्या लाकडाचं चित्र छापलेला कागद राळेत भिजवून, खाली आणखी कागदांचे थर देऊन, उष्णतेनं दाबलेला. अस्सल चेरी अमेरिकेत होते. ती कापल्यावर फिकट गुलाबी असते आणि उजेडानं हळूहळू लालसर, गडद होत जाते. महिनोन्‌महिने एकाच जागी डबा ठेवला, तर डब्याखालची जागा तेवढी फिकी राहते. म्हणजे डबा कुठून कुठे सरकला याची नोंद ठेवणारं लाकूड! ज्या घरात मधुमेही माणूस आहे, त्या घराला हे परवडणारं नव्हे.

मिस्त्रींनी मग आमची शिकवणीच घेतली. सागवान घ्यायचं तर फळीचं टोक बघायचं. आतला तपकिरी गाभा तेलकट असतो, त्याला वाळवी सहसा तोंड लावत नाही. बाहेरची पांढुरकी कड मात्र तिची मेजवानी. एकाच खोडातले दोन सख्खे भाऊ. एक तीन पिढ्या टिकतो, दुसरा आतून पोकळ होतो. मोरीजवळच्या कपाटाला प्लायवूड वापरायचं तर त्यावर आयएस 710 चा छाप पाहिजे. साधं घेतलं की वर्षात फुगून पापड. आणि दार पावसाळ्यात अडकलं म्हणून लगेच रंधा मारायचा नाही. "आषाढात लाकूड फुगतंय, उन्हाळ्यात आवळतंय. आता तासलंत तर मे महिन्यात फटीतून मांजर जाईल, सर!" वाट्यांतलं पाणीही पायांवाटे लाकडात चढतं, म्हणून पायांना पत्र्याच्या टोप्या ठोका. वर्षातून एकदा उकळलेल्या जवसाच्या तेलाचा हलका हात द्या, जास्तीचं पुसून काढा. तेलाची चिंधी मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप पेट घेते. पसरून वाळवा.

एवढं सांगून ते कपाटाकडे वळले. "हे बी घासून, पॉलिश मारून नव्यासारखं करून देतो. गिऱ्हाईक मिळंल."

त्यांनी दार उघडलं. आतल्या बाजूला पेन्सिलीच्या उभ्या रेघा होत्या. आईला लिहिता येत नव्हतं. दुधाच्या प्रत्येक शेराला एक रेघ, पुढे लिटर आले तरी रेघच. आणि गवळ्याचे पैसे दिले की सगळ्या ओळीवर एक आडवी. शेवटच्या ओळीत अकरा रेघा होत्या, आडवी नव्हती. त्या महिन्यात बाराव्या दिवशी आई गेली. गवळ्याचे पैसे आम्ही तेव्हाच दिले, पण ती आडवी रेघ ओढायला कुणाचा हात झाला नाही.

मिस्त्रींच्या हातात पॉलिशपेपर होता. मी काही बोलणार, तोच सूनबाई म्हणाली, "मामा, बाहेरून काय करायचं ते करा. आतून हात लावायचा नाही." मग तिनं नकाशा घेतला आणि खिडकीजवळची दोन चेरीची कपाटं पेन्सिलीनं खोडली.

आता भिंतीवर चेरीचं चित्र आहे आणि खिडकीशी सागवान. नवी कपाटं बंद होताना आवाजच करत नाहीत. जुनं मात्र उघडताना असं करकरतं की ओसरीवरच्या माणसालाही कळावं. बेसनाचे लाडू हिनं मुद्दाम त्यातच ठेवले आहेत.

म्हणून कपाटाची निगा मी जातीनं राखतो. दर रविवारी बिजागऱ्यांना तेल घालतो. हीही बघत असते. परवा तिनं कडीला एक घुंगरू बांधलं.