तेलाची वाटी

श्रावण लागला तरी आमच्या मलकापुरात कपडे वाळत नव्हते. आंबा घाटाकडून आलेला पाऊस इथे एकदा टेकला की चार-चार दिवस हलत नाही. बाळंतपणाला मी माहेरी आले होते, लेक दीड महिन्याची होती. घरभर दुपटी टांगलेली आणि खोलीत वेखंडाचा वास.

बाळाला न्हाऊ घालायला रोज सकाळी मावशी यायच्या. गल्लीतली निम्मी पोरं त्यांच्या पायांवर न्हालेली. लेकीला पायांवर पालथी घालून पाठ चोळायची, उताणी करून टाळू भरायची, हात इतका सराईत की ती रडायची नाही. शेवटी आई लसणाची पाकळी टाकून कोमट केलेल्या खोबरेल तेलाची वाटी पुढे करायची. दोन थेंब या कानात, दोन त्या कानात. आंघोळ झाली की कानात फुंकर, आणि चार दिवसांनी काडीला कापूस गुंडाळून मळ काढायचा. "कान कोरडा पडू द्यायचा न्हाई," मावशी म्हणायच्या. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी तशीच वाढले होते.

एका पहाटे लेक उजवी कूस टेकू देईना. दूध ओढायची, मध्येच सोडून किंचाळायची. कानाशी नाक नेलं तर आंबूस वास. टोपड्याच्या आतल्या बाजूला रुपयाएवढा पिवळट, ओला डाग. "अंगावरचं दूध पिळ कानात, ठणका उतरंल," आई म्हणाली. मी पिळलं. दुपारी कानाच्या पाळीला नुसतं बोट लागलं तरी ती कळवळली. मग मात्र थांबलो नाही. भर पावसात गाडी करून कोल्हापूर गाठलं.

कान-नाक-घसा तज्ज्ञांनी आधी विचारलं, "कानात काय काय घातलंय?" मी सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. दुर्बिणीतून बराच वेळ पाहून त्यांनी हळूहळू आतली ओली घाण टिपून काढली. तेल, पाणी आणि दूध आत साठून कान कुजायला लागला होता, वर बुरशीही धरली होती. "पडदा शाबूत आहे," ते म्हणाले, तेव्हा माझा श्वास मोकळा झाला. पडद्याला भोक असतं तर तेच तेल थेट मधल्या कानात उतरलं असतं.

मग त्यांनी कागदावर कान काढून दाखवला. मळ तयार होतो तो कानाच्या नळीच्या बाहेरच्या भागात. तो घाण नाही, पहारेकरी आहे. चिकट असल्यामुळे धूळ अडवतो, जंतूंना वाढू देत नाही. नळीची कातडी पडद्याकडून बाहेरच्या दिशेला सरकत असते आणि मळाला आपोआप दारापर्यंत आणून सोडते. आपण काडी घालतो तेव्हा बाहेर निघालेला मळ उलटा आत ढकलतो. माझ्या पिशवीत बाळांसाठी म्हणून घेतलेली इअरबडची डबीही होती. कापसाच्या या काड्या अमेरिकेत १९२३ च्या सुमारास निघाल्या त्या बाळांसाठीच. आज खोक्यावर कानात न घालण्याची सूचना छापलेली असते. माझ्या डबीवरही ती होती. मी वाचली नव्हती.

निघताना त्यांनी विचारलं, "बाळाला ऐकू येतं का, हे तपासलंय?" मी गप्प झाले. दीड महिना आम्ही सगळ्यांनी तिच्या कानातला मळ पाहिला होता, तिचं ऐकणं कुणीच पाहिलं नव्हतं. ही तपासणी पहिल्या महिन्यातच व्हायला हवी. दोष असेल तर तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचार सुरू झाले, तर मूल बोलायला मागे पडण्याची शक्यता बरीच कमी होते.

कान सुकल्यावर पुन्हा गेलो. झोपलेल्या लेकीच्या कानाच्या तोंडाशी मऊ रबरी टोक लावलं. दुखणं नाही, टोचणं नाही, काही मिनिटांचं काम. दोन्ही कान ठीक निघाले. बाहेर बाकावर आई पदर तोंडाला लावून बसली होती. "मी वाईट कराय गेले न्हवते गं," ती म्हणाली. तिला ते वेगळं सांगायची गरज नव्हती.

मावशी अजून येतात. तेलाची वाटी अजून कोमट होते, पण ते तेल अंगाला लागतं, कानात जात नाही. आंघोळीनंतर ओल्या मऊ फडक्याने पाळी, पाळीमागची घडी आणि दिसतो तेवढाच मळ पुसायचा. बाळ ओकलं तर दूध कानात उतरण्याआधी टिपायचं. पाजताना डोकं जरा उंच धरायचं, कारण बाळाची घशाकडून कानात जाणारी नळी आखूड आणि आडवी असते.

तुमच्या घरी बाळ आलं असेल तर एवढं करा: कानात तेल, दूध, काडी, फुंकर काहीही घालू नका. कान वाहिला, वास आला किंवा बाळ कानाला हात लावू देईना, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. आणि पहिला महिना संपायच्या आत ऐकण्याची तपासणी करून घ्या.