कासच्या सड्यावरचा दवबिंदू

साताऱ्याहून पश्चिमेला यवतेश्वराचा घाट चढून सुमारे २५ किलोमीटर गेले की कासचे पठार लागते. उंची समुद्रसपाटीपासून १,२०० मीटरच्या आसपास. खाली जांभ्याचा कातळ आणि वर चार बोटे माती. नांगर घालावा तर फाळच मोडायचा! उन्हाळ्यात पाहाल तर सारे करपलेले. पण आषाढसरी कोसळल्या की याच सड्यावर फुलांचे गालिचे पसरतात.

फुले सर्वांनाच दिसतात. आपण मात्र जरा खाली वाकून, जिथे कातळावरून पाणी झिरपते त्या ओलसर जागी पाहू. वीतभर उंचीचे, तांबूस झाक असलेले एक नाजूक रोप तिथे दिसेल. दोऱ्यासारखी बारीक पाने, त्यांवर केस आणि केसाच्या टोकाला एकेक चमकता थेंब. ऊन चढले की गवतावरचे दव उडून जाते, याचे थेंब मात्र तसेच राहतात. म्हणून याचे नाव दवबिंदू. शास्त्रीय नाव ड्रॉसेरा इंडिका. आफ्रिकेत आणि दक्षिण व आग्नेय आशियातही ते आढळते.

हा थेंब पाण्याचा नव्हे, चिकाचा आहे. चिलट किंवा मुंगी त्यावर टेकली की अडकलीच. धडपड करावी तसे आजूबाजूचे केस तिच्यावर वाकतात, पाचक रस पाझरतो आणि काही दिवसांत उरते नुसते टरफल.

झाडाने किडे का खावेत? शेतकऱ्याला हे सांगायला नको. पावसाने धुपलेल्या या मातीत नत्र आणि स्फुरद नावालाच. उन्हावर अन्न तयार करण्याचे काम दवबिंदूची हिरवी पानेही करतात. किडा हे त्याचे वरखत! इंग्लंडमध्ये चार्ल्स डार्विन यांनी याच्या गोल पानाच्या भावंडावर प्रयोग करून १८७५ साली कीटकभक्षी वनस्पतींवर ग्रंथ लिहिला. पुढे त्यांचे चिरंजीव फ्रान्सिस यांनी काही रोपांना मांसाचे कण घातले, काहींना घातले नाहीत. १८७८ साली निष्कर्ष आला, की खाऊ घातलेल्या रोपांना बी अधिक धरले. शिवारात आपण खताचा वाफा आणि बिनखताचा वाफा लावून पाहतो, तसेच हे.

दवबिंदूचे आयुष्य एका पावसाळ्याचे. गुलाबी फूल, मग बोंड, त्यात धुळीसारखे बी. पाऊस सरला की रोप वाळते आणि बी कातळाच्या फटीत पुढच्या मृगाची वाट पाहते. बी धरण्यापूर्वीच रोप पायाखाली गेले, तर त्या जागी पुढच्या वर्षासाठी काय उरणार?

पश्चिम घाटातील इतर काही स्थळांबरोबर कासला २०१२ साली जागतिक वारशाचा मान मिळाला. पण असे सडे कोकणात आणि घाटमाथ्यावर गावोगाव आहेत. पडीक म्हणून तिथे चिरेखाण निघते, किंवा भराव टाकून बाग उठते. गरजेपोटी कोणी तसे केले तर त्याला दोष कसा द्यावा? तरी आपल्या सड्यावर पहार घालण्याआधी एका श्रावणात तिथे वाकून जरूर पाहा. जिथे आपले पीक येत नाही, तिथेही कोणाचा तरी संसार चाललेला असतो.