बिडी नाही, चूल फुंकली

आमच्या आत्याने उभ्या जन्मात बिडी हातात धरली नाही. तरी पन्नाशी ओलांडल्यावर विहिरीवरून हंडा आणताना तिला तीन ठिकाणी टेकावे लागू लागले. पावसाळ्यात तर रात्र रात्र खोकला. आमच्या श्रीवर्धनकडच्या वाडीत याला 'दमा' म्हणतात आणि विषय तिथेच संपतो. एका खाजगी दवाखान्यातून तिला वर्षानुवर्षे गोळ्या आणि इंजेक्शने मिळाली. फुफ्फुसाची ताकद मात्र कोणी मोजली नाही.

शेवटी आम्ही तिला अलिबागला नेले. तिथे एका नळीत जोराने फुंकायला लावले. या तपासणीला स्पायरोमेट्री म्हणतात. जोराने फुंकून बाहेर टाकलेल्या एकूण हवेपैकी पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडते, ते यंत्र सांगते. औषध दिल्यावरही हा आकडा ७० टक्क्यांच्या खाली राहिला, तर श्वासनलिका कायमच्या अरुंद झाल्या असे समजतात. या आजाराला सीओपीडी म्हणतात. डॉक्टरीणबाईंनी विचारले, "आजी, बिडी ओढता का?" आत्या म्हणाली, "बिडी नाय ओढली बाय, चूल फुकली जलमभर."

आत्याचे हे म्हणणे आज वैद्यकशास्त्रही मान्य करते. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात हाच विषय मांडला. तेव्हा जगात धूम्रपान करणारे सुमारे १०० कोटी होते. पण लाकूड, शेणी, पालापाचोळा यांच्या धुरात जगणारे सुमारे ३०० कोटी होते. म्हणून चुलीचा धूर हे या आजाराचे जगातले सर्वांत मोठे कारण असू शकते, असे त्यांनी लिहिले.

आमच्या किनाऱ्यावर हे समजायला पुस्तक लागत नाही. झावळ्या, सोडणे, ओली लाकडे. बाहेर पाऊस, म्हणून खिडकी बंद. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर वीज गेली, रस्ते बंद झाले, तेव्हा गॅस असलेल्या घरांतही चुली पुन्हा पेटल्या. आजही सिलिंडर भरायला पैसे नसले की तोच धूर. त्याचे बारीक कण खोल जातात, नलिका सुजतात, चिकटा साठतो. आत गेलेली हवा नीट बाहेर पडत नाही. गेलेली ताकद परत येत नाही, पण उरलेली राखता येते.

आत्याला पंप दिला तेव्हा शेजारणी म्हणाल्या, "एकदा लागला की सुटत नाही." ही भीती घराघरात आहे, म्हणून हिशेब सांगतो. सालबुटामॉलची गोळी ४ मिलिग्रॅमची असते. पंपाच्या एका फवाऱ्यात त्याचा ४० वा भाग, म्हणजे १०० मायक्रोग्रॅम. गोळी पोटातून रक्तात जाते, अंगभर फिरते. हात थरथरतात, छाती धडधडते. पंपाचे औषध थेट जिथे हवे तिथे जाते. सवय पंपाची लागत नाही. आजार लांबचा म्हणून औषधही लांबचे.

फवारा मारणे आणि श्वास ओढणे एकदम जमत नसेल, तर मध्ये स्पेसर नावाचे भांडे लावतात. दक्षिण आफ्रिकेत हेदर झार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दम्याचा झटका आलेल्या मुलांवर प्रयोग केला. ५०० मिलिलिटरच्या प्लॅस्टिक बाटलीला भोक पाडून पंप घट्ट बसवला, तर ती विकतच्या स्पेसरइतकेच काम करते, असे त्यांना १९९९ साली दिसले. गरिबाच्या घरात हे ज्ञान पोचले पाहिजे. पण बाटली कशी कापायची, ते डॉक्टरांकडूनच शिकून घ्यावे.

आत्या आता दोन वेळा पंप घेते, सकाळी अंगणात फेऱ्या मारते. हंडा मात्र आम्ही भरतो. आमची खरी काळजी पुढची आहे. तिच्या जागी चुलीपुढे आता आमची वहिनी बसते, मांडीवर लेक घेऊन.

म्हणून आयाबहिणींनो आणि त्याहून अधिक बंधूंनो, एवढे करा. दोन आठवड्यांवर खोकला गेला तर सरकारी दवाखान्यात बेडका तपासा, टीबी नाही याची खात्री करा. दम लागत असेल तर फुंकून तपासणी करा असे डॉक्टरांना स्वतःहून सांगा. चुलीवर छपरात धुराडे काढा, लाकूड वाळवून ठेवा, तान्ह्या बाळाला धुराजवळ नेऊ नका. आणि महिन्याचा पगार हातात आला की आधी सिलिंडरचे पैसे बाजूला काढा. भाकरी सगळ्या घराने खायची आणि धूर एकटीने गिळायचा, ही वाटणी न्यायाची नाही.