कानबाईच्या रात्री बानू गेली

2024 च्या श्रावणातला, कानबाई देवीचा रविवार. अमळनेरहून भाऊबंद आले होते, लिंबायत-उधन्याचे नातेवाईक आले होते, घरात पाय ठेवायला जागा नव्हती. सुरतच्या डिंडोलीत आम्हा खान्देशींची वस्ती एवढी, की त्या रात्री एकेका गल्लीत तीन-चार घरी कानबाई बसलेली असते आणि या घरची गाणी त्या घरच्या गाण्यांत मिसळतात. रो-हाऊसचं फाटक उघडंच होतं. गर्दीत बानूला कुणाचा पाय लागू नये म्हणून मी तिला पुढच्या ओट्यावर जिन्याखाली बांधलं, पाण्याचं भांडं ठेवलं आणि स्वयंपाकाला लागले.

सव्वानऊला पाणी बदलायला बाहेर आले, तर साखळी होती आणि बानू नव्हती.

साखळी तुटली असती, तर मी समजले असते की फटाक्याला घाबरली, पळाली. पण हुक व्यवस्थित उघडलेला होता आणि साखळी गुंडाळून पायरीवर ठेवलेली होती. शेजारी वर्तमानपत्राचा एक कागद पडला होता. उचलून नाकाशी नेला, तर तळलेल्या चिकनचा वास. आमच्या घरात श्रावणभर अंडंसुद्धा येत नाही. तो कागद हातात धरून मी ओट्यावर मटकन खाली बसले, कारण तेव्हाच कळलं की बानू हरवलेली नाही, तिला नेलंय.

बानू म्हणजे आमची तीन वर्षांची लॅब्राडोर, पिवळसर रंगाची. खंडोबाच्या बानूवरून मुलाने नाव ठेवलं. साड्यांना स्टोन लावायचं काम मी घरीच करते. दिवसभर मी साडी पसरून बसले की ती साडीच्या काठापासून बरोबर वीतभर लांब बसायची, कधी एक पाय कापडावर टाकला नाही. सव्वीस किलोचं जनावर, पण सोसायटीतली शाळेत जाणारी पोरं तिच्या गळ्यात पडून जायची. हा तिचा मोठा गुण. आणि चोराला हाच गुण हवा असतो. अनोळखी माणसाच्या हातून खाणारं, गाडीवर बसवलं तर शेपूट हलवणारं कुत्रं नेणं सोपं जातं.

सासूबाई म्हणाल्या, "कुत्रीच शे ना माय, येई जाई घर." त्यांचं मन वाईट नव्हतं. घरात देव बसलेला, पाहुणे जेवायचे खोळंबलेले. मीही त्या रात्री दीर आणि मुलाला शोधायला पाठवून आतच राहिले, सगळ्यांना वाढलं. पोलिसांत रात्रीच जायला हवं होतं, ते सोमवारी विसर्जन झाल्यावर गेले. ते बारा-चौदा तास मी घालवले, याची बोच अजून आहे.

रात्री झोप नव्हती. पडल्या पडल्या एक चेहरा आठवला. पंधरा दिवसांपूर्वी तलावाच्या बाजूला बानूला फिरवत होते, तेव्हा एक पोरगा बाइक थांबवून बोलला होता. "आंटी, लॅब्राडोर छे? केटला वरसनी?" मी कौतुकाने सांगत गेले. तीन वर्षांची. हो, एकदम शांत. नाही, अजून पिल्लं नाही झाली. रोज संध्याकाळी साडेसहाला येतो आम्ही, त्या पलीकडच्या सोसायटीत राहतो. त्याने तिच्या पाठीवरून हात फिरवला, मोबाइलवर फोटो काढला आणि गेला. चार दिवसांनी पुन्हा भेटला, पुन्हा गप्पा. तोच चोर होता असं मी आजही छातीवर हात ठेवून म्हणणार नाही, माझ्याकडे पुरावा नाही. पण चोराला जे जे कळायला हवं, ते सगळं मी माझ्या तोंडाने रस्त्यावर सांगून टाकलं होतं. आपल्याकडे घरात सोनं किती आहे हे कुणी रस्त्यावर सांगत नाही. कुत्र्याबद्दल मात्र आपण अभिमानाने सगळं बोलतो.

पोलिसांकडे जाताना मुलाने अर्जात "कुत्री हरवली आहे" असं लिहिलं होतं. ओळखीच्या एका वकीलभाऊंनी ते खोडायला लावलं. म्हणाले, हरवली आणि चोरली यात फार फरक आहे ताई. कायद्याच्या नजरेत पाळीव कुत्रं ही मालकाची चल मालमत्ता. ते नेलं तर ती सरळ चोरी. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्या कलम 303 मध्ये चोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आम्ही अर्ज नव्याने लिहिला. उघडलेला हुक, कागद, वेळ, सगळं टाकलं. सोबत लसीकरणाचं पुस्तक, नसबंदीच्या ऑपरेशनची डॉक्टरांची चिठ्ठी आणि बानूचे फोटो जोडले. ठाण्यातल्या हवालदारभाऊंनी ती फाइल चाळली आणि म्हणाले, कागद आहेत म्हणून बोलता येतं, नाहीतर उद्या समोरचा म्हणेल, कुत्रं माझंच आहे. इंग्लंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये त्याच महिन्यात, ऑगस्ट 2024 मध्ये, कुत्री-मांजरं पळवण्यासाठी वेगळा कायदा लागू झाला, त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. आपल्याकडे वेगळा कायदा नसला, तरी असलेला कायदा पुरेसा आहे. त्याचं नाव घेऊन चोरीची तक्रार द्यायला हवी.

कोपऱ्यावरच्या दुकानाच्या कॅमेऱ्यात नऊ वाजून चार मिनिटांनी एक बाइक दिसली. दोघे जण, मधे गोणपाटाखाली काहीतरी. नंबर प्लेट दुमडलेली. गोणपाटाच्या खालून एक शेपूट लोंबत होतं. ते चित्र मी तीन वेळा बघितलं, चौथ्यांदा बघू शकले नाही.

मग व्हॉट्सअॅपवर फोटो फिरवला. इथे वकीलभाऊंचा दुसरा सल्ला कामी आला. ते म्हणाले, सगळ्या खुणा लिहू नका, एक खूण स्वतःजवळ ठेवा. बानूच्या जिभेच्या खाली एक काळा डाग आहे. तो आम्ही कुठेच लिहिला नाही. तिसऱ्या दिवशी फोन आला, "तुमची कुत्री माझ्याकडे आहे, क्यूआर पाठवतो, आधी पाच हजार टाका." मी रडायलाच लागले होते, पैसे टाकायला निघालेही होते. मुलाने फोन घेतला आणि म्हणाला, तिचं तोंड उघडून एक फोटो पाठवा. फोन बंद झाला तो झालाच. जनावर गेल्याच्या दुःखात असलेल्या माणसाला लुटणारेही आहेत. असा फोन आला तर पैसे न टाकता 1930 या सायबर हेल्पलाइनवर सांगायचं, हे मला तेव्हा कळलं.

सहाव्या दिवशी नवापूरकडून फोन आला. आमच्या उधना-जळगाव लाइनवरचं नवापूर, जिथलं स्टेशन अर्धं गुजरातेत आणि अर्धं महाराष्ट्रात आहे. फोन जनावरांच्या एका डॉक्टरांचा होता. त्यांच्याकडे एक शेतकरीभाऊ कुत्री घेऊन आले होते. नुकतीच विकत घेतली, पिल्लं घ्यायची आहेत, कधी माजावर येईल ते बघा, असं म्हणत होते. डॉक्टरांनी पोटावरचे केस बाजूला केले, तर नसबंदीच्या टाक्यांची बोटभर रेघ दिसली. पिल्लं होणाऱ्या जातिवंत मादीला भाव येतो, म्हणून विकणाऱ्याने तसं सांगून विकली होती. डॉक्टरांना शंका आली, आणि आमचा फोटो कुठल्याशा ग्रुपवरून त्यांच्यापर्यंत आधीच पोचला होता. मी एकच विचारलं, "जिभेखाली बघता का?" फोनवर थोडा वेळ काही ऐकू येईना. मग ते म्हणाले, "काळा डाग आहे."

आम्ही गाडी करून गेलो. शेतकरीभाऊ फसलेले होते, बिचाऱ्यांचे पैसे गेले होते. त्यांनी एका शब्दाने वाद घातला नाही. त्यांच्याकडे विकणाऱ्याचा नंबर होता, तो पोलिसांना दिला, पण तो बंद लागला. चोर अजून सापडलेले नाहीत. बानू मला बघून धावत आली नाही. आधी माझ्या हाताचा वास घेतला, बराच वेळ घेतला, आणि मग माझ्या पायांवर अंग टाकून दिलं. तिच्या गळ्याभोवतीचे केस दोरीने घासून गेले होते.

बरेच लोक म्हणतात, नसबंदी करू नये, जनावराचा जीव आहे. मी आता स्पष्ट सांगते, करा, आणि केली आहे हे पट्ट्याच्या बिल्ल्यावर लिहा. जिच्यापासून पिल्लं मिळणार नाहीत, ती चोराच्या कामाची नाही. बानू परत आली ती त्या बोटभर टाक्यांमुळे.

परत आल्यावर पहिल्या आठवड्यात तिला मायक्रोचिप बसवली. तांदळाच्या दाण्याएवढी असते, दोन खांद्यांच्या मधे कातडीखाली सुईने टाकतात. तिच्यातून कुत्रं कुठे आहे ते कळत नाही, हा अनेकांचा गैरसमज आहे. डॉक्टरांनी मशीन पाठीवरून फिरवलं की पंधरा आकडी नंबर दिसतो, एवढंच तिचं काम. म्हणून तो नंबर आणि आपला चालू मोबाइल नंबर जिथे नोंदवला आहे, तो कागद जपायचा आणि मोबाइल बदलला की नोंदही बदलायची. महापालिकेची नोंदणीही आम्ही तेव्हाच उरकली.

फिरण्याच्या सवयीही बदलल्या. रोज साडेसहाला निघत नाही, कधी सहा, कधी साडेसात, आणि रस्ताही आलटून पालटून. रस्त्याच्या उजव्या कडेने चालते, म्हणजे समोरून येणारी बाइक दिसते आणि मागून कुणी चिकटत नाही. कानात काही घालत नाही. पूर्वी पट्ट्याचा फास मनगटाला दोन वेढे देऊन घट्ट धरायचे. बानूला कोणी बाइकवरून ओढलं असतं, तर तिच्याबरोबर मीही फरपटत गेले असते. आता फास मुठीत धरते, मनगटाला गुंडाळत नाही. 2021 च्या फेब्रुवारीत लॉस एंजलिसमध्ये लेडी गागा या गायिकेची कुत्री फिरवणाऱ्या माणसाला चोरांनी छातीत गोळी घातली आणि दोन कुत्री नेली. तो वाचला, कुत्रीही दोन दिवसांत मिळाली. पण ती बातमी वाचल्यापासून मी मुलाला बजावून ठेवलंय, हातात हत्यार दिसलं तर पट्टा सोडून दे, जोरात ओरड, 112 लाव. बानूला शोधता येईल.

कुणी थांबून कौतुक करतं, ते आजही आवडतं. बहुतेक लोक मनापासूनच करतात. मी हसते, "हो, फार गुणी आहे" म्हणते आणि पुढे जाते. वय, किंमत, पिल्लं, घर कुठलं, फिरायची वेळ, यातलं काही सांगत नाही. फोटो काढू देत नाही. मुलानेही बानूचे फोटो टाकणं थांबवलंय, कारण त्यात मागे आमच्या सोसायटीची कमान दिसायची.

पुढच्या वर्षीच्या कानबाईला बानू माजघरात होती, दार बंद, किल्ली माझ्या पदराला. कानबाईच्या प्रसादाचे रोट आमच्याकडे फक्त भाऊबंद खातात, बाहेरच्या कुणाला देत नाहीत, सासूबाई या बाबतीत फार कडक. सोमवारी विसर्जन करून आल्यावर त्यांनी स्वतः दार उघडलं आणि रोटाचा पहिला तुकडा बानूसमोर ठेवला.