रात्रीची लाईट

वस्तीवरच्या घरात बल्ब जळत असतो, पंखा हळूहळू का होईना फिरत असतो आणि ओसरीवर बसलेला शेतकरी सांगतो, "लाईट नाही ना आज." शहरातून आलेला पाहुणा बल्बकडे बघतो. घरच्यांना मात्र त्यात वावगं काही वाटत नाही. दिव्याला एक फेज पुरते, विहिरीवरच्या मोटरीला तीन लागतात. थ्री फेज आली, मोटर धरली, पाइपातून पाणी उसळलं, की मग लाईट आली.

इंग्रजीतला उजेड मराठीत येऊन इतका लांब निघून गेला. घरात वीज शिरली ती पिवळ्या बल्बच्या रूपानं; डोळ्यांना जे दिसलं त्याचंच नाव न दिसणाऱ्या शक्तीला मिळालं. पुढे त्याच तारेवर पंखा आला, मिक्सर आला, पिठाची गिरणी आली, पण नाव बदललं नाही. लाईट नव्हती म्हणून दळण राहिलं, लाईट नव्हती म्हणून टाकी भरली नाही. फ्रीज आणि टीव्ही कितीही वीज खावोत, बिल लाईटचंच येतं. पुण्या-मुंबईत 'लाईट गेले' म्हणतात, गावाकडे 'लाईट गेली', विदर्भात कितीतरी घरी 'लाईन गेली'. मला 'गेली' फार आवडतं. विजेचं स्त्रीलिंग या परक्या शब्दाला आपसूक चिकटलं असावं. सासरी नांदणाऱ्या लेकीची वाट बघावी तशी तिची विचारपूस होते: आली का? कधी आली? राहणार आहे का थोडी?

या राज्यातली मोठी वीज पहिल्यापासून कामासाठीच वाहिली. लोणावळ्याच्या डोंगरात अडवलेलं पाणी घाटाखाली सोडून टाटांनी १९१५ साली खोपोलीत वीज काढली, ती मुंबईच्या कापडगिरण्या चालवण्यासाठी. कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला वळवून १९६२ पासून वीज मिळू लागली. पुढे खांब शिवारात पोचले, मोटेची जागा मोटरीनं घेतली आणि बैलांच्या खांद्यावरचं ओझं उतरलं. हे केवढं मोठं सुख आहे, ते मोट हाकलेल्या पिढीलाच विचारावं.

पण मोट दिवसा चालायची. शेतीच्या फीडरला, म्हणजे शिवाराला वीज पुरवणाऱ्या वाहिनीला, वेळापत्रक आलं: काही दिवस दिवसा आठ तास, काही दिवस रात्री. तेव्हापासून गावात दोन लाईटी झाल्या, दिवसाची आणि रात्रीची. "या आठवड्यात आमच्याकडं रात्रीची लाईट आहे," एवढं वाक्य ऐकलं की त्या घराचा सगळा आठवडा समोर उभा राहतो. हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायचे दिवस म्हणजे कडाक्याच्या थंडीचे दिवस. मध्यरात्री उठायचं, कानाला मफलर गुंडाळायचा, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात फावडं घेऊन दारं धरायला निघायचं. वाफा भरला की त्याचं दार मातीनं बांधायचं, पुढच्याचं फोडायचं. पाय गार चिखलात. उसाच्या फडात उंदरांमागे साप येतात, जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात तर बिबट्या फडातच मुक्कामाला असतो. घरी बाई जागीच असते. बांधावरची बॅटरी हलताना दिसली की तिच्या जिवात जीव येतो.

स्टार्टरला 'ऑटो' बसवला की लाईट येताच मोटर आपोआप सुरू होते, हे खरं. पण सगळ्यांच्या मोटरी एकदम उचलल्या की डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, लोड येतो, आणि डीपी जळाली की पुढचे किती दिवस कोरडे जातील ते कुणी सांगत नाही. शिवाय मोटर आपोआप सुरू झाली तरी पाणी आपोआप या वाफ्यातून त्या वाफ्यात वळत नाही. ज्याच्याकडे ठिबक नाही, त्याला अंधारात उभं राहावंच लागतं.

म्हणून 'दिवसाची लाईट द्या' या मागणीला मी महाराष्ट्रातल्या सगळ्यांत साध्या आणि सगळ्यांत न्याय्य मागण्यांपैकी एक मानतो. २०२२ साली कोल्हापुरात शेतकरी त्यासाठी महावितरणच्या दारात धरणं देऊन बसले होते. त्याआधी २०१७ साली राज्यानं शेतीला दिवसा सौर वीज देण्यासाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणली आणि राळेगणसिद्धीपासून तिची सुरुवात झाली. वाट योग्य आहे, कारण ऊन शिवारावर असतं तेव्हाच ही वीज तयार होते आणि नेमकी तेव्हाच शेतकऱ्याला ती हवी असते. मात्र ती शेवटच्या फीडरपर्यंत पोचली पाहिजे. साखर, गहू, भाजी विकत घेणाऱ्या आपण शहरातल्या माणसांनीही ही मागणी आपली म्हणून लावून धरावी.